पॉलिहाऊस फिल्मच्या फॉर्म्युल्याचे पेटंट ‘सहज सुचण्यासारखे’ म्हणून नाकारले, तर अपील कसे करायचे

वरुड-शेंदुरजना घाटाकडच्या संत्रा रोपवाटिका असोत की शेडखाली भाजीपाल्याची रोपे करणारे गट असोत, पॉलिहाऊसच्या कागदाची तक्रार सगळीकडे एकच. कोळी आणि भुरीसाठी गंधक मारले की कागद ठरल्या मुदतीआधीच कडक होतो. लोखंडी पाइपावर तापतो तिथून तडकतो आणि पहिल्या वावटळीत फाटतो. विदर्भातला उन्हाळा त्यात भर घालतो. बुटीबोरी, हिंगणा, अमरावती, खामगाव इथल्या छोट्या फिल्म कारखान्यांत यावर उपाय शोधणारी मंडळी आहेत. त्यांतले काही पेटंटपर्यंत पोचतात आणि मग एक दिवस ईमेल येतो: अर्ज नामंजूर, कारण ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ नाही, म्हणजे या धंद्यातल्या जाणकाराला हे सहज सुचले असते.

हा लेख त्या दिवसापासून पुढे काय करायचे याबद्दल आहे. पेटंटची भाषा नवीन असलेल्यांसाठी तो लिहिला आहे. प्लास्टिकचा दाणा, मास्टरबॅच, मायक्रॉन हे शब्द माहीत आहेत असे धरले आहे.

आधी तारीख, मग बाकी सगळे

आदेशावरची तारीख वहीत लिहा. पेटंट कायदा १९७० च्या कलम ११७-ए प्रमाणे अपिलाची मुदत आदेशाच्या तारखेपासून तीन महिने आहे. ईमेल कधी उघडला, स्पॅममध्ये कधी सापडला यावर मुदत मोजू नका. उच्च न्यायालय उशीर माफ करू शकते, पण त्यासाठी वेगळा अर्ज, शपथपत्र आणि पुरावा लागतो. दवाखान्याचे कागद चालतात. ‘हंगामाची घाई होती’ एवढ्यावर विसंबून राहू नका.

मग अर्ज क्रमांक पाहा. नव्या पद्धतीच्या बारा आकडी क्रमांकात पहिले चार आकडे वर्षाचे आणि पाचवा आकडा कार्यालयाचा असतो: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. महाराष्ट्रातल्या अर्जदाराचा पाचवा आकडा साधारणपणे २ असतो. आदेशावर सही करणारे कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारे पेटंट कार्यालयातले अधिकारी, कोलकात्यात किंवा चेन्नईत बसलेले असू शकतात, कारण कामाची वाटणी आता देशभर होते. तरी अर्ज मुंबई कार्यालयाचा असेल तर अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते. अपील नागपूर खंडपीठात दाखल होईल की मुंबईच्या मुख्य पीठात, हे वकिलाने दाखल करण्याआधीच न्यायालयाच्या रजिस्ट्रीत विचारून घ्यावे. चुकीच्या ठिकाणी दिलेला कागद परत येतो आणि मुदत तुमचीच जाते.

२०२१ पर्यंत अशी अपिले आयपीएबी नावाच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. त्या वर्षी ते मंडळ बंद झाले आणि काम उच्च न्यायालयांकडे आले. जुन्या पुस्तकांत किंवा जुन्या व्हिडिओंत आयपीएबीचा पत्ता दिसला तर सोडून द्या.

पेटंट एजंट कंट्रोलरपुढे तुमची बाजू मांडू शकतो, उच्च न्यायालयात नाही. तिथे वकील लागतो. एजंटला मात्र बाजूला सारू नका. फाइलमधले तांत्रिक धागे त्यालाच ठाऊक असतात.

आदेश कसा वाचायचा

तीन रंगांची पेने घ्या आणि आदेशाची छापील प्रत काढा. मोबाईलवर हे काम होत नाही.

पहिल्या रंगाने कंट्रोलरने कोणते आधीचे दस्तऐवज धरले आहेत ते खुणवा. त्यांना डी१, डी२, डी३ अशी नावे असतात. दुसऱ्या रंगाने त्या दस्तऐवजांत काय आहे असे कंट्रोलर म्हणतात ते. तिसऱ्या रंगाने डी१ वरून तुमच्या फॉर्म्युल्यापर्यंत जाणकार माणूस कसा पोचला असता याचे कारण जिथे दिले असेल ती वाक्ये.

बऱ्याच आदेशांत तिसरा रंग वापरायची वेळच येत नाही. ‘डी१ मध्ये अमुक आहे, डी२ मध्ये तमुक आहे, म्हणून दाव्यात इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही’ एवढ्यावर आदेश संपतो. (दावा म्हणजे अर्जात नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते वाक्य.) हा तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितले की या कारणाने अर्ज नाकारताना तीन गोष्टींचा विचार झालाच पाहिजे: आधीच्या दस्तऐवजात काय उघड केले आहे, अर्जात काय उघड केले आहे, आणि जाणकाराला हे दुसरे कसे उघड दिसले असते. तिसरा टप्पा गाळून काढलेला निष्कर्ष कायद्याला धरून नाही. दिल्लीचा निकाल मुंबईला बंधनकारक नाही, पण असे युक्तिवाद मांडताना तो उपयोगी पडतो.

आदेशात फक्त कलम २(१)(जेए), म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या, आहे की आणखीही काही, हेही पाहा. फिल्मच्या मिश्रणाला बहुतेक वेळा कलम ३(ई) जोडून येते. नुसते घटक एकत्र केले आणि त्यांच्या गुणांची केवळ बेरीज झाली, तर पेटंट नाही, असे ते कलम सांगते. तुमच्या दाव्यात ‘फिल्म वापरून रोपे वाढवण्याची पद्धत’ असेल तर ३(एच) येते, कारण शेतीच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. आदेशातली दोन कारणे स्वतंत्र असतील आणि तुम्ही अपिलात एकालाच उत्तर दिले, तर दुसऱ्या कारणावर आदेश टिकून राहतो. हे फार वेळा निसटते.

‘सहज सुचणे’ कसे तपासतात

कायद्याची व्याख्या अशी: शोधात आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवे, किंवा दोन्ही, आणि त्यामुळे तो शोध त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड नसावा. ‘आमचा कागद बाजारात खपतो’ हे एकट्याने पुरत नाही. शेवटची अट पूर्ण व्हावीच लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या भांड्यांच्या धंद्यातल्या खटल्यात ठरवले की माहीत असलेल्या गोष्टीवरची सुधारणा निव्वळ कारखान्यातल्या रोजच्या कामातून होणाऱ्या सुधारणेपेक्षा जास्त असली पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला या निकालात पाच पायऱ्या मांडल्या. जाणकार माणूस कोण ते ठरवा. शोधाचा गाभा ओळखा. अर्जाच्या तारखेला त्या माणसाला सर्वसाधारणपणे काय माहीत होते ते धरा. आधीचे दस्तऐवज आणि शोध यांतला फरक काढा. आणि तो फरक, उत्तर आधीच माहीत असल्याचा फायदा न घेता, त्याला सुचला असता का ते पाहा.

इथे जाणकार माणूस म्हणजे शेतकरी नाही. ब्लोन फिल्म प्लांट चालवणारा, ॲडिटिव्हचे कॅटलॉग वाचणारा पॉलिमरचा माणूस. त्याच्याकडे कल्पकता नसते असे कायदा धरतो, पण सगळे छापील ज्ञान असते. म्हणून ‘आमच्या तालुक्यात हे कोणालाच माहीत नव्हते’ याला इथे काही वजन नाही.

उदाहरण घेऊन पाहू

पुढचे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. समजा तुमची फिल्म २०० मायक्रॉनची, पारदर्शक आहे. १०० किलोच्या बॅचमध्ये एलडीपीई ६० किलो, एलएलडीपीई ३६.५ किलो, हाल्सचा मास्टरबॅच २ किलो, हायड्रोटॅल्साइटचा मास्टरबॅच १.५ किलो. हाल्स हे उन्हापासून वाचवणारे स्टॅबिलायझर. ते अमाइन, म्हणजे अल्कधर्मी असते. गंधकाच्या फवाऱ्यातून तयार होणारी आम्लधर्मी संयुगे त्याला निकामी करतात. हायड्रोटॅल्साइट आम्ल शोषते. दोन्ही मास्टरबॅच २० टक्क्यांचे असतील तर फिल्ममध्ये प्रत्यक्ष हाल्स ०.४ टक्के आणि हायड्रोटॅल्साइट ०.३ टक्के.

इथेच पहिली चूक होते. दाव्यात ‘हाल्स २ टक्के’ असे लिहून जाते, कारण प्लांटवर ऑपरेटर २ किलो टाकतो. तो आकडा मास्टरबॅचचा आहे. कंट्रोलर डी१ मधल्या प्रत्यक्ष टक्केवारीशी तुलना करतो आणि तुमचा दावा भलत्याच जागी जाऊन पडतो. दाखल केल्यानंतर ही दुरुस्ती करायची तर मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, मास्टरबॅच किती टक्क्यांचा आहे ते लिहिलेले असावे लागते. नसेल तर हात बांधले जातात, कारण कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती फक्त दावा आखडता घेण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा खुलाशासाठी करता येते. मुळात नसलेले आत आणता येत नाही.

आता समजा डी१ मध्ये हाल्स ०.१ ते १ टक्का असलेली शेतीची फिल्म आहे, आणि डी२ मध्ये पॉलिओलेफिनमध्ये हायड्रोटॅल्साइट आम्लशोषक म्हणून वापरले आहे. कंट्रोलर म्हणतात, दोन्ही जोडले की तुमची फिल्म. प्रमाण ठरवणे हे नेहमीचे काम.

उत्तर शोधायला डी१ आणि डी२ अथपासून इतिपर्यंत वाचा. सारांश वाचून भागत नाही. विशेषतः वर्णनाचा मधला भाग आणि तुलनात्मक उदाहरणे पाहा. तीन गोष्टी शोधायच्या.

एक, डी१ मध्ये गंधकाचा प्रश्न आहे का? नसेल तर डी१ वाचणाऱ्याला डी२ उघडायचे कारणच नव्हते.

दोन, कुठे उलट दिशेची सूचना आहे का? समजा डी१ च्या २७ व्या परिच्छेदात लिहिले आहे की खनिज भुकटी टाकल्याने फिल्म धुरकट होते आणि प्रकाश कमी येतो. म्हणजे पारदर्शक कागद बनवणारा माणूस हायड्रोटॅल्साइटपासून दूरच राहिला असता. असा एक परिच्छेद क्रमांकासह सापडला तर तो दहा पाने युक्तिवादाच्या बरोबरीचा आहे.

तीन, दोन दस्तऐवजांच्या तारखा. डी१ आणि डी२ दोन्ही खूप जुने असतील आणि तरी इतक्या वर्षांत कोणीच ते जोडले नसतील, तर तोही मुद्दा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ॲव्हरी डेनिसनच्या प्रकरणात म्हटले आहे की आधीचा दस्तऐवज आणि शोध यांतले काळाचे अंतर मोठे असेल आणि साध्या बदलाने अनपेक्षित फायदा झाला असेल, तर कल शोधाच्या बाजूने राहील. बदल छोटा आहे म्हणून तो उघड आहे असे होत नाही.

बेरीज की बेरजेहून जास्त

फिल्मच्या अपिलाचा सगळा जीव या प्रश्नात आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

चार फिल्म लागतात. ‘अ’: दोन्ही ॲडिटिव्ह नाहीत. ‘ब’: फक्त हाल्स ०.४ टक्के. ‘क’: फक्त हायड्रोटॅल्साइट ०.३ टक्के. ‘ड’: दोन्ही. दाणा एकाच लॉटचा, जाडी एकच, प्लांट एकच, तापमान एकच. चारही फिल्म गंधकाच्या सारख्याच द्रावणात, सारख्याच वेळ ठेवून मग यूव्ही यंत्रात सारखेच तास. त्यानंतर तुटेपर्यंतचे ताणले जाणे मूळच्या किती टक्के उरले ते मोजायचे. ते ५० टक्क्यांवर आले की फिल्मचे आयुष्य संपले असे या धंद्यात सर्वसाधारणपणे धरतात.

समजा उत्तर असे आले: अ १८, ब ३१, क २४, ड ६२. ‘ब’ ने १३ ची वाढ दिली, ‘क’ ने ६ ची. दोन्हींची बेरीज १९. ‘ड’ ने दिली ४४. हा फरक ३(ई) लाही उत्तर देतो आणि ‘सहज सुचण्यासारखे’ यालाही, कारण डी१ आणि डी२ वाचणाऱ्याने जास्तीत जास्त १९ ची अपेक्षा केली असती. ‘ड’ ला ३७-३८ आले असते तर मात्र ती निव्वळ बेरीज. मग अपिलात पैसे घालू नका.

अशा चाचण्यांत ठरलेल्या चुका होतात. ‘अ’ १८० मायक्रॉनची आणि ‘ड’ २१० ची निघते. जाड फिल्म तशीही जास्त टिकते, म्हणून प्रत्येक पट्टीवर दहा जागी जाडी मोजून ती अहवालात लिहा. पट्ट्या कधी लांबीच्या दिशेने कापल्या जातात, कधी आडव्या. दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे द्यायचे. तुलना बाजारातल्या कोणत्यातरी साध्या कागदाशी केली जाते; ती डी१ च्या सगळ्यात जवळच्या उदाहरणाशी हवी. आणि दाव्यात हाल्स ०.२ ते ०.८ टक्के मागितलेले असते, पण आकडे फक्त ०.४ चे. मग कंट्रोलर विचारणारच की ०.८ ला हाच परिणाम येतो कशावरून? दोन्ही टोके आणि मधला एक बिंदू, शिवाय टोकांच्या जरा बाहेरचा एकेक, एवढे तरी हवे. बाहेर गेल्यावर परिणाम पडतो हे दिसले की ‘प्रमाण ठरवणे हे नेहमीचे काम’ या वाक्यातली हवा निघते.

प्रयोगशाळेच्या अहवालात पद्धतीचे नाव असू द्या. ताण-चाचणीसाठी एएसटीएम डी८८२, यूव्हीसाठी एएसटीएम जी१५४. त्यातले सायकल १ म्हणजे यूव्हीए-३४० दिवे, ६० अंशांवर आठ तास प्रकाश, ५० अंशांवर चार तास दव. कोणते सायकल वापरले ते लिहिले नसेल तर ‘५०० तास’ या आकड्याला अर्थ राहत नाही. सिपेट या प्लास्टिक क्षेत्रातल्या सरकारी संस्थेचे केंद्र चंद्रपूरला आहे, छत्रपती संभाजीनगरलाही आहे. नमुने पाठवण्याआधी हवी ती चाचणी तिथे होते का, फोन करून विचारा.

आता कटू भाग. हे आकडे अपिलाच्या वेळी पहिल्यांदा आणून चालत नाही. उच्च न्यायालय कंट्रोलरपुढे जे होते त्यावरून आदेश तपासते. स्पेसिफिकेशनमध्ये किंवा किमान पहिल्या परीक्षण अहवालाच्या (कार्यालयाने काढलेल्या हरकतींच्या) उत्तरात आणि हिअरिंगनंतरच्या लेखी म्हणण्यात हे आकडे असतील तर तुमचे अपील उभे राहते. कुठेच नसतील, तर नव्या प्रयोगांच्या जोरावर अपील जिंकण्याची आशा कमी आहे. अशा वेळी आदेशात कारणेच नाहीत हा मुद्दा पुढे करून प्रकरण परत पाठवून घेणे आणि तिथे आकडे मांडायची परवानगी मागणे हा वास्तवातला मार्ग आहे.

अपील, फेरविचार, की सोडून द्यायचे

फेरविचाराचा अर्ज कलम ७७ खाली त्याच कंट्रोलरकडे, फॉर्म २४ वर, महिन्याभरात करता येतो. तो फक्त उघड चुकीसाठी आहे. उदाहरणार्थ, तुम्ही वेळेत दिलेले लेखी म्हणणे आदेशात पाहिलेलेच नाही, किंवा जुने दावे धरून आदेश दिला आहे. ‘डी१ चा अर्थ चुकीचा लावला’ यासाठी फेरविचार नको. आणि फेरविचार टाकला म्हणून अपिलाचे तीन महिने थांबले असे समजू नका.

नवा अर्ज करू म्हटले तर अडचण आहे. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि नकार येईपर्यंत तुमचा स्वतःचा अर्जच आधीचा दस्तऐवज होऊन बसतो. त्याच फॉर्म्युल्याला दुसरी संधी नाही. विभाजित अर्ज, म्हणजे मूळ अर्जातून वेगळा काढलेला अर्ज, हवा असेल तर तो नकार येण्याआधी टाकायचा असतो.

डी१ च्या एकाच उदाहरणात तुमचे दोन्ही घटक जवळपास त्याच प्रमाणात असतील, तर थांबा. तो पैसा पुढच्या सुधारणेच्या चाचण्यांत घाला. मात्र आदेश कारणांविना असेल, आकडे फाइलमध्ये असतील आणि कागद प्रत्यक्ष विकला जात असेल, तर अपील करावेच. पेटंटची २० वर्षे दाखल केल्याच्या तारखेपासून मोजली जातात, त्यामुळे गेलेला प्रत्येक महिना त्यातूनच वजा होतो.

अपिलाचे कागद

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकला की फाइलमधले कागद उतरवून घेता येतात. आदेशाची प्रमाणित प्रत मात्र मागवून ठेवा. तारखेच्या क्रमाने लावा: मूळ स्पेसिफिकेशन, परीक्षण अहवाल, त्याचे उत्तर, हिअरिंगची नोटीस, सुधारित दावे, लेखी म्हणणे, आदेश. त्यानंतर डी१, डी२ पूर्ण. एखादा परदेशी भाषेत असेल तर इंग्रजी भाषांतर. सुधारित दाव्यांच्या प्रत्येक प्रतीवर तारीख टाका. कोणता दावा शेवटचा यावरच न्यायालयात गोंधळ होतो.

पेटंट कार्यालयाचे कामकाज इंग्रजी किंवा हिंदीत चालते, उच्च न्यायालयाचे इंग्रजीत. वकिलाला मराठीत समजावून सांगा, पण फॉर्म्युल्याचा तक्ता स्वतः तपासा. दशांश चिन्ह एक घर सरकले की ०.४ चे ४ होते आणि ते वकिलाच्या लक्षात येत नाही.

अपिलाचे मुद्दे लिहिताना ‘आदेश चुकीचा, अन्यायकारक आणि मनमानी आहे’ अशी वाक्ये कितीही लिहिली तरी वजन येत नाही. त्याऐवजी असे हवे: ‘डी१ चा परिच्छेद २७ खनिज भुकटीने प्रकाश कमी होतो असे सांगतो. अर्जदाराने लेखी म्हणण्याच्या पान ६ वर हे दाखवले होते. आदेशात त्याचा उल्लेख नाही.’ एक मुद्दा, एक पान क्रमांक, एक चूक. असे पाच-सहा मुद्दे पुरतात. सगळ्यात भक्कम मुद्दा पहिला.

खर्चाची चणचण असेल तर काही दारे आहेत. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. नागपूरला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे प्रशिक्षणे होतात. तळागाळातल्या संशोधकांना पेटंटसाठी गांधीनगरचे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन मदत करते.

न्यायालयात काय होते

पहिल्या तारखांना निकालाची अपेक्षा नको. कंट्रोलरला नोटीस निघते, केंद्र सरकारचे वकील हजर होतात, लेखी युक्तिवाद मागितले जातात. न्यायमूर्तींना एका पानाचा तक्ता द्या: डावीकडे तुमच्या दाव्याचा एकेक घटक, मग डी१, मग डी२, शेवटी फरक. खाली अ-ब-क-ड चे चार आकडे. फिल्मचे तुकडे सोबत ठेवले तरी हरकत नाही, पण निर्णय तक्त्यावरच होतो.

बऱ्याच प्रकरणांत आदेश रद्द होऊन अर्ज पुन्हा विचारासाठी परत जातो, अनेकदा दुसऱ्या कंट्रोलरकडे. थेट पेटंट द्या असा आदेश त्या मानाने क्वचित. म्हणून परतीच्या हिअरिंगची तयारी अपिलासोबतच सुरू ठेवा. अरुंद दाव्यांचा दुसरा संच तयार असू द्या, म्हणजे ०.२ ते ०.८ नाकारले तर ०.३ ते ०.५ वर थांबता येईल. हिअरिंग व्हिडिओवर होते. गावात वीज आणि नेट यांचा भरवसा नसेल तर तालुक्याच्या किंवा एजंटच्या ठिकाणी बसा. तारीख बदलून हवी असेल तर हिअरिंगच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करावा लागतो. हिअरिंगनंतर लेखी म्हणणे द्यायला १५ दिवस असतात, आणि राहिलेले आकडे नोंदीवर आणायची ती शेवटची चांगली संधी.

अजून अर्ज केलेला नसेल त्यांच्यासाठी

नागपूरच्या कृषी प्रदर्शनात किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रात्यक्षिकात कागद दाखवण्याआधी किमान तात्पुरता अर्ज दाखल करा. आधी दाखवलेल्याला सूट देणारी कलमे आहेत, पण ती अरुंद आहेत. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन दाखल करण्याचे शुल्क १,६०० रुपये आहे, ३० पाने आणि १० दाव्यांपर्यंत. पूर्ण स्पेसिफिकेशन १२ महिन्यांत द्यायचे. ते १२ महिने अ-ब-क-ड फिल्म काढून यूव्ही चाचणीला लावण्यासाठीच वापरा. परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांच्या आत करायची, नाहीतर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. शोध घेताना संकेतस्थळावरच्या मोफत शोधयंत्रात नुसते शब्द टाकू नका, वर्गीकरण वापरा: पॉलिइथिलीनच्या मिश्रणांसाठी सी०८एल २३, फिल्मसाठी सी०८जे ५/१८, आच्छादनांसाठी ए०१जी १३. कंट्रोलरला जे डी१ सापडणार आहे ते तुम्हाला आधी सापडले, तर तुमचे ‘ब’ उदाहरण त्याच्याच धर्तीवर बनवता येते.

पेटंट मिळाल्यावर लगेच

अपिलात गेलेल्या वर्षांचे नूतनीकरण शुल्क साचलेले असते. ते तिसऱ्या वर्षापासून मोजतात. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरवर्षी ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००. पेटंटची नोंद रजिस्टरमध्ये झाल्यापासून तीन महिन्यांत हे सगळे भरायचे. राहिले तर जादा शुल्कासह सहा महिन्यांची सवलत आहे. त्यानंतर एवढ्या खटपटीने मिळवलेले पेटंट बंद पडते, म्हणून ही तारीख एजंटच्या भरवशावर न सोडता स्वतःच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.